शेडमधल्या बोटीला उन्हाळ्यातच पाणी दाखवा: नदीकाठच्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
कृष्णा, वारणा आणि पंचगंगाकाठच्या गावांचे सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि आपत्ती व्यवस्थापन समितीचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी फायबरच्या बोटी दुरुस्त करतो. धंदा तसा लहान आहे. पाण्याच्या टाक्या, रसवंतीच्या गाड्यांचे छत, गणपती मंडळांचे देखावे हे सगळं फायबरचं काम करता करता बोटींकडे वळलो. सुट्टीच्या दिवशी नदीत कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, घालतो. गावात त्याला 'मास्तराची परात' म्हणतात, मी मास्तर नसलो तरी. म्हणजे बोट आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून बघायची सवय आहे. तेवढ्या अधिकारावर हे पत्र लिहितोय.

गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी बऱ्याच गावांना बोटी मिळाल्या. कुठे शासनाकडून, कुठे एखाद्या संस्थेकडून, कुठे गावाने वर्गणी काढून. पूर्वी पुरात गुऱ्हाळावरची काहील काढायचो आणि तिच्यात म्हातारी माणसं बसवून बाहेर आणायचो. ते दिवस पाहिलेल्या माणसाला दारात बोट असणं म्हणजे केवढी गोष्ट, हे सांगायला नको. पण दरवर्षी माझ्याकडे या बोटी येतात कधी? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी 30 फुटांवर गेलं, की फोन सुरू. "जरा बोटीला बारीक चीर आहे, उद्यापर्यंत होईल का?" होत नाही हो. खरंच होत नाही. का, ते सांगतो.

फायबरची बोट म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. ही मॅट हवेतला ओलावा पिते. पावसाळ्यात शेडमध्ये ठेवलेली मॅट हाताला कोरडी लागते, पण रेझिन घातलं की पारदर्शक व्हायच्या ऐवजी पांढरट राहते. असं ठिगळ दिसायला घट्ट दिसतं आणि पहिल्याच धडकेत पापुद्र्यासारखं निघून येतं. बोटीचं अंगही कोरडं असावं लागतं. वरचा जेलकोट तडकला असेल तर आतल्या थराने पाणी धरलेलं असतं, ते उन्हात आठवडाभर पालथी घालून वाळवल्याशिवाय जात नाही. जुलैमध्ये मी ऊन कुठून आणू?

आणि ठिगळ म्हणजे चिरेवर पट्टी चिकटवणं नव्हे. चिरेच्या दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने उतार काढावा लागतो. जाडीच्या बारा पट, हा आमचा हिशोब. म्हणजे बोटीचं अंग 5 मिलिमीटरचं असेल तर प्रत्येक बाजूला 60 मिलिमीटर, अडीच इंच जवळजवळ. दोन बोटांची चीर दुरुस्त करायला वीतभर जागा घासावी लागते, हे सांगितलं की लोकांना वाटतं हा बिल वाढवतोय. मग त्या उतारावर लहान, मोठा, त्याहून मोठा असे मॅटचे थर. घाईत केलेलं काम म्हणजे नुसती चीर बुजवलेली असते, ताकद परत आलेली नसते. एम-सील लावून आणलेल्या बोटी तर मी दर वर्षी बघतो. नळाच्या गळतीला ते उत्तम आहे. पुराच्या पाण्यात, खाली बुडालेल्या तारेच्या कुंपणावरून घासत जाणाऱ्या बोटीला नाही.

गावातलीच पोरं हे काम करणार असतील तर आनंदच आहे, अवघड काही नाही. फक्त दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण त्यात माणूस भाजतो. हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) आणि कोबाल्ट (ते लवकर कडक व्हावं म्हणून घालतात ते) एकमेकांत थेट कधीही ओतायचं नाही, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचं, मग हार्डनर. दुकानातून आणलेल्या रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असेल तर पुन्हा घालायचं नाही, घेताना विचारून घ्या. आणि एप्रिल-मेच्या उन्हात हार्डनर कमी लागतं, किलोला 10 मिलीच्या आसपास. जास्त घातलं तर मगातच दगड होतो आणि मग तो गरम होऊन धूर निघाला की घाबरून टाकून देतात. सकाळी सहा ते नऊ ही कामाची वेळ. चष्मा घाला. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो.

चीर दिसते तरी. न दिसणारी दुखणी जास्त वाईट. बोटीच्या मागच्या फळीत, जिथे इंजिन टांगतात, तिथे फायबरच्या आत बहुतेक प्लायवूड असतं. इंजिनच्या बोल्टच्या भोकातून पाणी आत जातं आणि ते प्लायवूड कुजतं. बाहेरून काही कळत नाही. रुपयाचं नाणं घ्या आणि त्या फळीवर ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला, पिकलेल्या कलिंगडासारखा, तर त्या फळीवर इंजिन टांगू नका. भर धारेत इंजिन फळीसकट सुटून पडलेलं मी पाहिलेलं आहे. सुदैवाने तेव्हा बोटीत एकच माणूस होता आणि तो पोहणारा होता.

बसायच्या पाटाखालच्या बंद कप्प्यांचंही तसंच. तिथे फोम किंवा थर्माकोल भरलेला असतो, बोट पाण्याने भरली तरी तिने तरंगत राहावं म्हणून. त्या कप्प्याला भोक पडलं की फोम पाणी पितो, आणि जी गोष्ट वाचवायला ठेवली तीच ओझं होते. बोट कोरडी असताना दोघांनी उचलता येत होती आणि आता चौघे लागतात, असं असेल तर समजा की आत पाणी आहे.

काही गावांकडे रबरी फुगवायच्या बोटी आहेत. त्यांचा शत्रू नदी नाही, उंदीर आहे. घडी घालून धान्याच्या गोदामात ठेवलेली बोट पावसाळ्यात उघडली की घडीच्या घडीवर एकसारखी भोकं, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. ती अर्धवट फुगवून, छताला टांगून ठेवा. मे महिन्यात पूर्ण फुगवा, साबणाचं पाणी लावून जोड आणि व्हॉल्व्ह बघा, आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी थोडी सैल झालेली असेल, हवा गार झाली की तेवढं होतंच. दुपारी पुन्हा टम्म झाली तर बोट चांगली आहे. मात्र भर उन्हात टम्म फुगवलेली बोट काठावर सोडून जेवायला जाऊ नका.

आता इंजिन. ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात त्याला सगळे. गेल्या वर्षीचं पेट्रोल टाकीत तसंच असतं, त्याचा डिंक होऊन कार्ब्युरेटर बसतो. ऐन वेळी पंचवीस वेळा दोरी ओढून माणूस रडकुंडीला येतो आणि मग प्लग ओला होतो. पावसाळा संपल्यावर टाकी रिकामी करा, दर पंधरा दिवसांनी एकदा सुरू करा. पण कोरडं नव्हे! पिंपात पाणी भरून त्यात पंखा बुडवून. कोरडं चालवलं की आतला पाणी ओढणारा रबरी पंखा काही सेकंदांत जळतो. इंजिनच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडते ना, ती पडते का बघायचं. ती पडत नसेल तर लगेच बंद.

एवढं सगळं करूनही पुरात इंजिन बंद पडणार, हे धरून चला. आपल्याकडचा पूर म्हणजे नुसतं पाणी नाही, खाली ऊस उभा असतो. पंख्यात ऊस अडकतो, ठिबकच्या नळ्या अडकतात, वाहून आलेल्या साड्या आणि ताडपत्र्या अडकतात. त्या क्षणी बोटीत वल्ही नसतील तर ती बोट म्हणजे वाहता ओंडका. मी गेल्या उन्हाळ्यात सहज म्हणून सात गावांच्या बोटी बघितल्या, त्यांतल्या पाचांत एकही वल्हं नव्हतं. एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले, होतं की, शाळेच्या फाटकाला अडसर म्हणून लावलंय.

किमान चार वल्ही, दोरीने बोटीला बांधलेली. एक लांब बांबू. आणि 15 ते 20 मीटर तरंगणारी दोरी. नायलॉनची दोरी बुडते, पॉलिप्रॉपिलीनची तरंगते, हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात, बादलीत टाकून बघून घ्या. ती पिशवीत सैल भरून ठेवायची, वेटोळं करून नाही, म्हणजे फेकताना गुंता होत नाही. फेकणाऱ्याने ती कमरेला बांधायची नाही की मनगटाला गुंडाळायची नाही. बुडणाऱ्याला ओढता ओढता ओढणाराच आत गेल्याच्या गोष्टी प्रत्येक घाटावर आहेत.

वल्ही मारणारी माणसं कुठून आणायची, असं कुणी म्हणू नये. पावसाळ्यात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठ माणसांनी फुलतो. त्या पोरांना धार कुठे ओढते, पाण्याचा फुगवटा कशामुळे आलाय, हे न सांगता कळतं. त्यांची नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोबाईल नंबरसकट लिहिलेली असायला हवीत. शर्यतीला हार घालायला आपण जातो, मग मेमध्ये सरावाला का बोलवत नाही?

आता लाइफ जॅकेटबद्दल. यावर जरा जास्त लिहिणार आहे, माफ करा.

मला स्वतःला जॅकेट हे शहरी नखरा वाटायचं. आम्ही वाळलेला भोपळा आणि डालड्याचा डबा पाठीला बांधून पोहायला शिकलेली माणसं. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत सकाळी मी एकटा कयाक घेऊन खाली निघालो होतो. बंधाऱ्याला नुकतेच बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी तुंबून काठोकाठ, आणि बरग्यांवरून फूटभर सांडत होतं. वरून येणाऱ्याला बंधारा दिसत नाही. पाणी एका सरळ रेषेत संपल्यासारखं दिसतं, शांत, आरशासारखं. ती रेषा कसली हे कळेपर्यंत मी तिच्यावर होतो. पडलो चार-पाच फूटच. पण बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी खाली जाऊन उलटं फिरतं आणि तुम्हाला परत बंधाऱ्याकडेच ओढतं. कयाक आडवी होऊन तिथेच गरगरत राहिली, आणि मीही. जॅकेट होतं, बायकोने वाद घालून घालायला लावलेलं. तरी फेसाळ पाण्यात ते पूर्ण उचलत नाही, कारण त्या पाण्यात निम्मी हवाच असते. पण तोंड अधूनमधून वर येत होतं, आणि तेवढं पुरलं. काठावर म्हशी धूत असलेल्या एका काकांनी दोन दावी गाठ मारून फेकली. पहिल्या दोन खेपा चुकल्या. तिसरी माझ्या खांद्यावर पडली.

नंतर ते एवढंच म्हणाले, "म्हसरंसुद्धा हितं पाण्यात उतरत न्हाईत."

हे सांगायचं कारण असं, की पुराच्या सुरुवातीला, पाणी बंधाऱ्यावरून पुरुषभर जायच्या आधी, बोट जवळच्या वाटेने म्हणून बंधाऱ्यावरूनच काढायचा मोह होतो. करू नका. बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना उंच खांब रोवून लाल झेंडे लावा, पाणी चढलं तरी दिसतील असे. नव्या माणसाला, बाहेरून मदतीला आलेल्या पथकाला, तुमचा बंधारा कुठे आहे ते माहीत नसतं.

तर जॅकेट. आतल्या पट्टीवर एक आकडा छापलेला असतो, 50, 100 किंवा 150 न्यूटन, म्हणजे जॅकेटची उचलून धरायची ताकद. 50 वालं पोहता येणाऱ्यासाठी आहे. आपल्या गावातून बाहेर काढायची माणसं म्हणजे म्हाताऱ्या बायका, लेकुरवाळ्या, आजारी. त्यांना 100 लागतं, कारण ते बेशुद्ध माणसाचंही तोंड वर ठेवायला मदत करतं. पट्टी पुसली असेल, किंवा जॅकेटं पोत्यात भरून त्यावर रेशनची पोती ठेवली असतील, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. फोम दबला की त्यातली हवा जाते. दुकानदाराकडून 12 किलोची लोखंडी मापं आणा, जॅकेटच्या पट्ट्यांना बांधा आणि विहिरीत सोडा. लोखंड पाण्यात साधारण आठव्या हिश्श्याने हलकं होतं, म्हणजे जॅकेटवर साडेदहा किलोचा भार येतो, 100 न्यूटनला जेवढा हवा जवळपास तेवढाच. अर्धा तास तरंगलं तर ठेवा. बुडलं तर त्याच दिवशी पट्टे कापून टाका. नुसतं बाजूला ठेवलं तर ते पुन्हा पोत्यात जातं आणि ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी अंगावर चढतं.

लहान मुलांची जॅकेटं वेगळी असतात, ती किती गावांकडे आहेत? मोठ्याचं जॅकेट पोराला घातलं की पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खालून निसटतं. मांडीतून जाणारा पट्टा असलेलीच घ्या. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट पुरुषांना सुचत नाही: पदर आणि निऱ्या आधी नीट खोचून मगच जॅकेट घालायचं, जॅकेटच्या वरून पदर नाही. त्यासाठी धक्क्यावर बचतगटाची एखादी ताई उभी असू दे. पुरुषाने पट्टा आवळायला हात लावला की बाई अवघडते आणि पट्टा सैलच राहतो. हे पुरात पाहिलेलं आहे, म्हणून लिहितोय.

आणि आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रम्हनाळला काय झालं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पुराने वेढलेल्या गावातून माणसं बाहेर पडत होती आणि बोट उलटली. सांगलीत त्या वेळी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. मी कुणाला दोष देण्यासाठी ते नाव घेत नाही. उलट मला त्या क्षणी काठावर उभ्या असलेल्या प्रत्येक गावाच्या बोटचालकाचं दुःख कळतं. पाणी चढतंय, लोक कमरेभर पाण्यात उभे आहेत, पुढची खेप होईल की नाही माहीत नाही. अशा वेळी बावीस वर्षांच्या पोराने चुलत्याला, सरांना, पाटलांच्या आईला "तुम्ही उतरा" म्हणायचं? तो म्हणूच शकत नाही. म्हणाला तरी कुणी ऐकत नाही. क्षमता कागदावर आठ असते आणि बोटीत चौदा असतात.

म्हणून त्या पोराच्या वतीने बोटीलाच नाही म्हणू द्या. मेमध्ये बोट डोहात घाला. इंजिन, पेट्रोल, वल्ही सगळं चढवा. कागदावर लिहिलेली आठ माणसं बसवा, हाडापेराने भरलेली, शाळकरी पोरं नकोत. बोट स्थिर झाली की पाणी बाहेरून जिथे लागतं तिथे दोन्ही बाजूंना खूण करा. त्या खुणेपासून बोटीचा काठ किमान दीड वीत वर राहायला हवा. राहत नसेल तर आठाची सात माणसं करा. मग बोट बाहेर काढून त्या खुणेवर चार बोटं रुंद लाल पट्टा रंगवा, खालची कड खुणेवर. पट्ट्याला पाणी लागलं की एक माणूस उतरणार. काठावरचा कुणीही ते बघू शकतो, लहान पोरगंसुद्धा ओरडू शकतं.

ही माझी अक्कल नाही. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या इंग्लंडच्या खासदाराने जहाजांवर अशी भाररेषा असावी म्हणून संसदेत आरडाओरडा केला, आणि 1876 मध्ये तिथे तसा कायदा झाला. आज समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक मालवाहू जहाजाच्या अंगावर ती रेषा असते. दीडशे वर्षांपूर्वी जे जहाजांना लागू झालं ते आपल्या अठरा फुटी बोटीला करायला रंगाचा एक छोटा डबा लागतो.

पट्टा पुरासाठीच नाही. 21 मे 2024 ला उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी उलटली आणि 6 जण गेले. पूर नव्हता, वळवाचा वारा होता. मोठ्या पाण्यावर वारा सुटला की अर्ध्या तासात लाटा उठतात, आणि ज्या बोटीचा काठ पाण्याला टेकायला आलाय तिच्यात पहिली लाट थेट आत येते. दीड वीत त्यासाठी. आणि बसलेली माणसं बसलेलीच राहायला हवीत. पाणी आत आलं की सगळे एकदम उभे राहतात आणि एकाच बाजूला सरकतात, बोट तेव्हा उलटते.

1 मेची ग्रामसभा जवळ आली आहे. विषयपत्रिकेवर 'बोट व जॅकेट चाचणी' हा एक विषय घ्या, रस्ते आणि गटारींच्या आधी. खर्च फार नाही. डोहावर चाचणी ठेवाल तर सगळ्या गावाला बोलवा, तलाठी आणि पोलीस पाटलांनाही. बोट कोण चालवणार, वल्ही कोण मारणार, धक्क्यावर माणसं मोजून कोण सोडणार ही नावं त्या दिवशीच ठरू द्यात. मोजणारा माणूस बोटचालकाच्या भावकीतला नसावा, एवढी विनंती.

मी मेअखेरपर्यंत सकाळी सहापासून वर्कशॉपवर असतो. ज्यांना स्वतः काम करायचंय त्या पोरांना उतार कसा काढायचा ते एक दिवस दाखवीन, त्याचे पैसे नकोत. बोट आणायची असेल तर टेम्पोत पालथी घालून आणा, खाली भाताच्या पेंढ्या टाका आणि दोर काठावरून नाही, पोटावरून आवळा. गेल्या वर्षी एक बोट येताना खड्ड्यात आपटून तडकली, आणि जिच्यासाठी आणली होती त्या चिरेपेक्षा ती नवी चीर मोठी होती.

आपला,
नदीकाठचा एक बोटदुरुस्तीवाला